पीआयने पुढे काय शिकावे?

प्रश्न बडोद्यातलाच आहे. विचारणारे शहर पोलिसांत पीआय, म्हणजे पोलीस निरीक्षक आहेत, वय ३८, शिक्षण बी.एस्सी., घरी मराठी आणि पोलीस ठाण्यात गुजराती. पाच-सहा वर्षांत एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) होऊ अशी त्यांना आशा आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नोकरी सांभाळून पुढे शिकायचे आहे. एलएलबी करून एलएलएम करावे, पोलीस प्रशासनात एम.ए. करावे, की नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा एमबीए? बढतीला उपयोग होईल का? आणि खरे सांगा, कामात काही फरक पडतो का?

मी गुजरात पोलिसांत ३१ वर्षे काढली. पीएसआय म्हणून लागलो, एसीपी म्हणून घरी आलो. एलएलबी चाळिशीच्या उंबरठ्यावर केली, एलएलएम निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना. आता अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात अधूनमधून तास घेतो.

बढतीचे आधी मिटवून टाकू. ज्येष्ठता, गोपनीय अहवाल, अंगावर खात्याची चौकशी नसणे आणि वर जागा रिकामी असणे, यावर पीआयचा एसीपी होतो. भिंतीवरची डिग्री बघून कुणाला बढती मिळालेली मी तरी पाहिली नाही. तेवढ्यासाठी शिकणार असाल तर पैसे आणि रविवार दोन्ही वाचवा.

कामाचे मात्र वेगळे आहे. ठाण्यात असेपर्यंत तुमची सही बहुतेक वेळा ‘काय झाले’ याच्या खाली असते. फिर्याद, पंचनामा, जबाब, आरोपपत्र. एसीपी झालात की ती ‘का केले’ याच्या खाली येऊ लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तेव्हापासून तर जास्तच. कलम १७३(३) बघा: तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात एफआयआरच्या आधी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करायची, तर डीवायएसपी दर्जाच्या, म्हणजे शहरात एसीपी दर्जाच्या, अधिकाऱ्याची परवानगी लागते. कलम ३५(७): गुन्हा तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा आणि माणूस दुर्बल किंवा साठीच्या पुढचा, तर अटकेलाही तीच परवानगी. अ‍ॅट्रॉसिटीचा तपास १९९५ च्या नियमांनी डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही. त्यात आपले शहर कमिशनरेटचे, म्हणजे चॅप्टर केसमध्ये (शांतता राखण्याची हमी लिहून घेण्याच्या प्रकरणात) एसीपी कार्यकारी दंडाधिकारी म्हणून बसतो. सकाळी ज्याने माणूस पकडून आणवला, त्याच्याच खात्याचा साहेब दुपारी त्याच माणसाला ‘तुला काय म्हणायचे आहे’ असे विचारतो. खुर्ची एक, टोप्या दोन.

या प्रत्येक ठिकाणी कागदावर कारण लिहावे लागते, आणि कारण लिहायला आपल्याला कुणी शिकवलेले नसते. ट्रेनिंगमध्ये कलमे पाठ करून घेतात, परेड घेतात, गोळीबार शिकवतात. ‘सदर इसम माथाभारे (म्हणजे दांडगट) असून’ छापाचे एक वाक्य ठाण्यात वारशाने मिळते, आणि ते वर्षानुवर्षे चालते.

माझी फजिती सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल. पीआय असताना एका बुटलेगरची (चोरटी दारू विकणाऱ्याची) पासाची दरखास्त माझ्या ठाण्यातून गेली. (महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: गुजरातीत दरखास्त म्हणजे प्रस्ताव. पुण्याच्या एका वकील पाहुण्यांना वाटले मी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीबद्दल बोलतोय, आणि अर्धे जेवण त्या गोंधळातच संपले.) पासा म्हणजे गुजरातचा १९८५ चा समाजविघातक कृत्यांना प्रतिबंध करणारा कायदा. खटला न चालवता माणसाला वर्षभरापर्यंत आत ठेवता येते. शहरात हुकूम पोलीस आयुक्तांच्या सहीने निघतो, पण त्यातला मजकूर खालून, ठाण्यातून चढत जातो. गणपती तोंडावर आले होते. वरून यादी आली होती की इतक्या दरखास्ती अमुक तारखेपर्यंत पाठवा. रात्री अकरा वाजता रायटरने (ठाण्यातले लेखनकाम करणाऱ्या पोलिसाने) कॉम्प्युटरवर जुनी दरखास्त उघडली, नाव बदलले, वय बदलले, गुन्ह्यांचे नंबर बदलले. मी बंदोबस्ताच्या मीटिंगमधून नुकताच आलो होतो, दुपारपासून पोटात काही नव्हते, पोराला शेव-उसळ आणायला पाठवले होते. कागदांवरून डोळे फिरवले आणि सही ठोकली.

चौथ्या परिच्छेदात आधीच्या माणसाचे नाव तसेच राहिले होते. त्याचा भागही. आमचा माणूस मकरपुऱ्याकडचा, आणि परिच्छेद म्हणत होता की याच्या दहशतीने गोरव्यातले लोक संध्याकाळी दारे लावून घेतात.

हायकोर्टात त्याच्या वकिलाने बाकी काहीच केले नाही, फक्त तो परिच्छेद मोठ्याने वाचला. सरकारी बाजूने एक तरुण मुलगी होती. ती उभी राहिली, फाइल चाळली, आणि खाली बसली. हुकूम रद्द. हुकमात लिहिलेले होते की सादर झालेल्या कागदांवरून आयुक्तांची व्यक्तिशः खात्री झाली आहे. खात्री झाली होती ती दुसऱ्याच माणसाबद्दल! मला मेमो आला. रायटरवर ढकलता आले असते, पण सही माझी होती, आणि तो बिचारा सलग तिसरी रात्र जागत होता.

खरी गोष्ट पुढेच आहे. पुढे एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला असताना कळले की नाव बरोबर असते तरी तो हुकूम पडायलाच हवा होता. १९६५ मध्ये राम मनोहर लोहियांच्या स्थानबद्धतेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टात न्या. हिदायतुल्ला यांनी, म्हणजे आपल्या नागपूरच्या हिदायतुल्लांनी, एक चित्र काढून दाखवले. तीन वर्तुळे, एकात एक. सगळ्यात मोठे कायदा आणि सुव्यवस्थेचे, त्याच्या पोटात सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि अगदी मधले राज्याच्या सुरक्षेचे. बाहेरच्या वर्तुळात घडलेली प्रत्येक गोष्ट आतल्या वर्तुळात शिरतेच असे नाही. लोहियांच्या हुकमात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ लिहायच्या जागी ‘कायदा आणि सुव्यवस्था’ लिहिले होते, आणि तेवढ्यावर हुकूम गेला. पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पीयूष कांतिलाल मेहता यांच्या प्रकरणात, तेही पासाचे आणि अहमदाबादचे, सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितले की माणूस बुटलेगर आहे एवढ्यावर पासा लागत नाही. त्याच्या धंद्याने सार्वजनिक सुव्यवस्थेला बाधा आली, हे कागदावरून दिसले पाहिजे.

आता हे आपल्या गावावर बसवून बघा. खंडेराव मार्केटात एकाने दारूच्या नशेत भाजीवाल्याला बाटली मारली. भाजीवाला दवाखान्यात, गुन्हा दाखल, शेजारची दुकाने तासाभरात पुन्हा सुरू. हे बाहेरचे वर्तुळ. त्याच माणसाने तीच बाटली विसर्जनाच्या दिवशी मांडवीत मिरवणुकीवर भिरकावली, पळापळ झाली, दुकाने दोन दिवस उघडली नाहीत. हे आतले. माणूस तोच, बाटली तीच, कलमही कदाचित तेच. माझ्या दरखास्तीत पाने भरून लिहिले होते की इसम किती नालायक आहे. त्याच्यामुळे कोणत्या तारखेला, कोणत्या गल्लीत, लोकांचे रोजचे जगणे किती वेळ अडले, याची एक ओळ नव्हती. ते शोधायला मी कुणाला पाठवलेच नव्हते. कारण लिहिता येत नव्हते म्हणून तपासही त्या दिशेने झाला नव्हता.

तुमच्या ‘कामात फरक पडतो का’ या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते हेच. पान ग्रंथालयात होतेच, डिग्री नसती तरी वाचता आले असते. पण मी वाचले नसते. परीक्षा होती म्हणून वाचले.

आता कोणती डिग्री. एलएलएमला आधी एलएलबी लागते, त्याला पळवाट नाही. तीन वर्षांची एलएलबी पदवीनंतर करता येते, आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कायद्याची विद्याशाखा आहे, तेव्हा गाव सोडायची गरज नाही. अडचण हजेरीची. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरी लागते, आणि बंदोबस्त हे कारण कॉलेजच्या रजिस्टरला कळत नाही.

इथे मी थोडा थांबून बोलतो, कारण इथेच चांगले चांगले अधिकारी फसलेले पाहिले आहेत. ‘साहेब, हजेरीची चिंता करू नका’ असे सांगणारी कॉलेजे तुम्हाला भेटतील. त्यांना लांबून नमस्कार करा. तुमच्या प्रत्येक तासाची नोंद आधीच दुसरीकडे असते. स्टेशन डायरीत तुम्ही सकाळी नऊला घटनास्थळी, पंचनाम्यावर वेळ सव्वानऊची, आणि कॉलेजच्या रजिस्टरात त्याच दिवशी नऊ ते दहा संविधानाच्या तासाला हजर. एखाद्या चाणाक्ष बचाव वकिलाने माहिती अधिकारात ते रजिस्टर काढले की तुमची डिग्री राहू द्या, त्या तीन वर्षांतले सगळे पंचनामे संशयात येतात. मी स्वतः सकाळचे तास केले, दोन विषयांत हजेरी कमी भरली, ते विषय पुढच्या वर्षी पुन्हा केले. चार वर्षे लागली. बायको म्हणाली, लोक नोकरीतून सुटायला शिकतात, तुम्ही शिकण्यातून सुटायला नोकरीवर जाता.

दुसरे, नोकरीत असेपर्यंत सनद घेऊन वकिली करता येत नाही. ती निवृत्तीनंतर, ऑल इंडिया बार परीक्षा देऊन. पुष्कळ जण मनात तोच हिशेब ठेवून एलएलबी करतात. त्यात गैर काही नाही, पण तुम्ही कामाबद्दल विचारले आहे, म्हणून तो भाग सोडतो.

पोलीस प्रशासन किंवा गुन्हेशास्त्रातल्या एम.ए.साठी गुजरातमध्ये राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे, गांधीनगरजवळ लवाडला. आधीचे राज्याचे रक्षा शक्ती विद्यापीठ, २०२० पासून केंद्राचे. शेजारी गांधीनगरलाच राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ, तेही २०२० चे त्या नावाने. दोन्ही चांगली, पण बडोद्याहून रोज जाऊन-येऊन करण्यासारखी नाहीत. बदली अहमदाबाद-गांधीनगरला झाली तर संधी सोडू नका. न्यायवैद्यकाचा एखादा छोटा अभ्यासक्रम तर प्रत्येक तपास अधिकाऱ्याने करावा असे माझे मत आहे. आता सात वर्षे किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायची तरतूद संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आली आहे, आणि तज्ज्ञ येऊन उभा राहिला की त्याला काय विचारायचे हे आपल्याला माहीत असले पाहिजे. बदलीची खात्री नसेल तर बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचे दूरशिक्षणाचे पदव्युत्तर डिप्लोमा आहेत, मानवी हक्क, सायबर कायदा वगैरे. एलएलबी नसतानाही करता येतात. तुमच्या परिस्थितीत मी सुरुवात इथूनच केली असती.

परदेशात याची सोय वेगळी आहे, आणि मला तिचा हेवा वाटतो. अमेरिकेत काही लॉ स्कूल वकील नसलेल्या लोकांना, म्हणजे पोलीस, रुग्णालय, महापालिका चालवणाऱ्यांना, कायद्याची मास्टर्स देतात. वकिली करता येत नाही, पण आपल्या कामापुरता कायदा पक्का होतो. एफबीआयची नॅशनल अकादमी १९३५ पासून चालू आहे. ठिकठिकाणच्या पोलीस अधिकाऱ्यांना दहा आठवडे क्वांटिकोला बसवतात, कायदा, नेतृत्व, व्यायाम सगळे एकत्र. केंब्रिजला पोलीस अधिकाऱ्यांसाठी अर्धवेळ मास्टर्स आहे, त्यात प्रबंध आपल्याच दलाच्या एखाद्या प्रश्नावर लिहायचा असतो. आपल्याकडे आयपीएसना नोकरीच्या मधल्या टप्प्यांवर हैदराबादच्या अकादमीत बोलावतात. पीआय आणि खालून आलेल्या एसीपीच्या वाट्याला तीन दिवसांचा रिफ्रेशर आणि एक प्लास्टिकची फाइल.

म्हणून एलएलएम केलेच तर प्रबंधाचा विषय स्वतःच्या कपाटातून घ्या. ‘भारतीय दंडशास्त्राचा तुलनात्मक अभ्यास’ असले काही घेऊ नका, ते इंटरनेटवरून तयार होते आणि तिथेच परत जाते. मी पासाचे रद्द झालेले हुकूम घेतले होते. गाईड म्हणाले, इतका बारका विषय? नंतर त्यांनीच दोन विद्यार्थ्यांना तसले विषय दिले.

आता एमबीए आणि नेतृत्व. इथे माझा पूर्वग्रह आहे, तो आधीच कबूल करतो. नेतृत्वाच्या जेवढ्या कार्यशाळांना मी बसलो, त्यांत पडद्यावर गरुड आला, सिंह आला, एव्हरेस्टचे शिखर आले. एकदा लांडग्यांचा कळप आला, सगळ्यात मागे चालणारा तो नेता म्हणे. दुपारचे जेवण उत्तम होते. पोलिसातल्या नेतृत्वाचे दोन कठीण प्रसंग असतात, आणि त्या दोन्हीबद्दल गरुडाला काही म्हणायचे नसते. एक, वरून आलेला तोंडी हुकूम. दुसरा, खालच्या माणसाची चूक.

तोंडी हुकमाचे असे. फोन येतो, ‘अमुकला सोड’, ‘तमुकला बसवून ठेव’. लिहून मागायची आपली टाप नसते. टी. एस. आर. सुब्रमण्यम प्रकरणात ३१ ऑक्टोबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितले की सनदी नोकरांनी तोंडी सूचनांवर काम करू नये, सूचना कागदावर यायला हवी. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या आचरण नियमांतही वरिष्ठाचा तोंडी आदेश पुढे लेखी कायम करायचा असतो. पण निकाल वाचून फोनवर ‘साहेब, लेखी द्या’ म्हणाल तर दुसऱ्या दिवशी कंट्रोल रूमला असाल. मी जे शिकलो ते इतकेच: वाद घालायचा नाही, त्याच संध्याकाळी खालून वर एक यादी, म्हणजे आमच्या दफ्तरी भाषेत टिपण, पाठवायची. ‘आज १६.३० वाजता दूरध्वनीवर मिळालेल्या सूचनेप्रमाणे सदर इसमास कलम ३५(३) ची नोटीस देऊन जाऊ देण्यात आले आहे. अन्य आदेश असल्यास कळवावे.’ दोन ओळी, सूर नम्र. ती यादी मिळाल्यावर दहापैकी सात वेळा पुन्हा फोन येतो आणि आवाज वेगळा असतो. हे मला कुठल्याही वर्गात शिकवले नाही. प्रशासकीय कायद्याच्या तासाला आदेश, अधिकार आणि अधिकाराचा गैरवापर यांचे निकाल वाचता वाचता सुचले.

खालच्याच्या चुकीसाठी एक निकाल प्रत्येक एसीपीच्या टेबलावर हवा: गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई, जानेवारी २०१४. अहमदाबादच्या सहा वर्षांच्या मुलीच्या खुनाचे प्रकरण. खालच्या कोर्टात फाशी, हायकोर्टात निर्दोष, आणि सुप्रीम कोर्टाने तपासातल्या आणि खटला चालवण्यातल्या त्रुटी एकेक करून मोजत, जड मनाने, निर्दोषत्व कायम केले. मग कोर्टाने राज्यांना सांगितले की सुटलेल्या प्रत्येक खटल्याची छाननी करा, पोलीस आणि सरकारी वकील यांच्या वरिष्ठांची समिती नेमा, जबाबदारी निश्चित करा. लोक एवढेच लक्षात ठेवतात, कारण त्यात शिक्षा आहे. त्याच निकालात असेही आहे की या छाननीतून जे निघेल ते नवख्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात घाला, आणि वरिष्ठांच्या उजळणीतही. म्हणजे अभ्यासक्रम कोर्टाने आखून दिलेला आहे, पाठ्यपुस्तके आपल्याच रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात पडली आहेत.

एसीपी झाल्यावर मी तसा प्रयत्न केला. महिन्यातून एका शनिवारी चार ठाण्यांचे तपास अधिकारी बोलावायचे, आपल्याच हद्दीतला एक सुटलेला खटला वाचायचा, तपास कुणाचा ते विचारायचे नाही. पहिल्या शनिवारी सगळे टोपी मांडीवर घेऊन सरळ बसले. कुणी बोलेना. एका हवालदाराने शेवटी विचारले, साहेब, लेखी खुलासा कधीपर्यंत द्यायचा? दुसऱ्या शनिवारीही तेच. तिसऱ्या वेळी मी सुटलेला खटला नेलाच नाही. माझी स्वतःची ती पासाची दरखास्त नेली आणि चौथा परिच्छेद वाचून दाखवला. आधी शांतता, मग मागून कुणीतरी फिस्सकन हसले, मग सगळेच. त्यानंतर लोक बोलायला लागले. मुद्देमालाच्या पाकिटावरच्या सहीची तारीख आणि रजिस्टरातली तारीख जुळत नाही. पंच प्रत्येक वेळी ठाण्यासमोरचा तोच चहावाला. सीसीटीव्हीचा पेनड्राइव्ह जोडला पण त्यातल्या नकलेबद्दलचे प्रमाणपत्र नाही. या शेवटच्यावर तर अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, जालन्याच्या निवडणुकीच्या, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने वाद मिटवून टाकला आहे. मूळ उपकरणच कोर्टात हजर करत नसाल तर प्रमाणपत्र लागतेच. आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्याचा नमुनाच दिला आहे, हॅश व्हॅल्यूसकट (म्हणजे फाइलच्या डिजिटल ठशासकट), दोन भागांत, आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा. तो नमुना कसा भरायचा हे त्या खोलीत सगळ्यात चांगले एका २६ वर्षांच्या लोकरक्षक (शिपाई) मुलीला येत होते. पुढचा तास तिनेच घेतला.

एमबीएत असे काही शिकवत असतील तर जरूर करा. मनुष्यबळ, अंदाजपत्रक, आकडेवारी यांचा उपयोग डीसीपीच्या वर जास्त होतो, एसीपीला थोडाच.

एक गोष्ट मात्र खात्याबाहेर जाऊनच शिकता येते. १८ जानेवारी २०२४ ला आपल्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली. दोन्ही वेळी पोलीस, अग्निशमन दल, महापालिका, जिल्हा प्रशासन सगळे एकाच चिखलात उभे होते, पण प्रत्येकाचे शिक्षण वेगळ्या गावात झालेले. फायरचे अधिकारी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात, आपण कराईच्या पोलीस अकादमीत, महसूलवाले आणखी कुठे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याने, २००५ च्या, कोणाला काय हुकूम देता येतो हे या सगळ्यांनी एका बाकावर बसून वाचले पाहिजे. एलएलएमच्या माझ्या वर्गात फायर ब्रिगेडचे एक अधिकारी होते. परवानगी, ठेका आणि निष्काळजीपणा या तीन शब्दांवर त्यांनी प्राध्यापकांना जे प्रश्न विचारले, तसले मी नोकरीत कधी ऐकले नव्हते. कोर्स निवडताना वर्गात आणखी कोण बसते ते आधी चौकशी करून बघा. सगळे खाकीच असतील तर तुम्ही एकमेकांच्या गोष्टीच ऐकाल.

आता व्यवहाराचे. प्रवेश घेण्याआधी खात्याची लेखी परवानगी घ्या, फी भरल्यावर नाही. डिग्री मिळाली की सेवापुस्तकात नोंद करून घ्या. अभ्यास रजा मिळाली तर बॉण्ड लिहून द्यावा लागतो, त्याची धास्ती घेऊ नका. या शहरात ती रीत जुनी आहे. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले, तेव्हा परत येऊन दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला होता. १९१७ मध्ये ते आले, आणि त्यांना या गावात राहायला छप्पर मिळाले नाही. अ‍ॅट्रॉसिटीच्या तपासावर तास असला की मी कमाटी बागेपासूनच, जिथे ते तेव्हा झाडाखाली बसले होते, सुरुवात करतो, कलमे नंतर.

भाषेची भीती तुम्ही विचारलेली नाही, पण असणार. फिर्याद गुजरातीत, निकाल इंग्रजीत, विचार मराठीत, अशी आपली तिरपागडी अवस्था. सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर या संकेतस्थळावर २०२३ पासून निकाल फुकट मिळतात, आणि कित्येक निकालांची गुजराती आणि मराठी भाषांतरेही. भाषांतर यंत्राचे असल्याने कुठे कुठे हसू येते, पण अर्थ लागतो. आठवड्याला एकच निकाल घ्या. आधी घटना वाचा, मग सरळ शेवटचा परिच्छेद, आणि मधली कारणे शेवटी. मधला भाग वाचताना स्वतःची एखादी बंद झालेली फाइल शेजारी उघडी ठेवा. सहा महिने हे जमले तर एलएलबीला जा. नाही जमले तर डिप्लोमावर थांबा, त्यात कमीपणा नाही.

ती दरखास्त अजून माझ्याकडे आहे. दोघांची नावे बदलून ‘क’ आणि ‘ख’ केली आहेत, भागही बदलले आहेत. नव्या तुकडीला पहिल्या तासाला तिच्या झेरॉक्स वाटतो आणि दहा मिनिटे देतो, चूक शोधा म्हणतो. टंकलेखनाच्या चुका सगळे काढतात. चौथ्या परिच्छेदात ‘क’चा ‘ख’ झालाय हे मागच्या तुकडीत ४० पैकी तिघांना दिसले.